चांदण्या न सापडलेलं यंत्र

१

माझ्या भाचीला जुळं झालं, त्याच आठवड्यात तिचे वडील बुडून गेले. आमच्या घरात ते वर्ष कुणी आकड्याने सांगत नाही. जुळ्यांचं वर्ष म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि कळल्यावर कुणी पुढे बोलत नाही.

भाचीचे वडील म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो, माझं ऐकून सगळा धक्काही. धरणाच्या पाण्यावर त्यांची होडी चाले, इंजिनाची. या काठावरची माणसं त्या काठावरच्या शहरात न्यायची, तिकडची इकडे आणायची. माझं काम होड्यांना डांबर फासायचं आणि कुजलेल्या फळ्या बदलायचं. दाजी पाण्यावर, मी काठावर, असा आमचा जन्म गेला.

ते पाणी दिसायला गरीब आहे. पण धरण बांधलं तेव्हा खालचं जंगल कापून नेलं आणि बुंधे तसेच ठेवले. पाणी उतरलं की त्या खुंटांची टोकं जेमतेम बुडालेली असतात. आमच्या धक्क्यापासून काही अंतरापर्यंत धरणाच्या खात्याने लोखंडी खांब रोवले आहेत, त्यांच्या कडेने जायचं. शेवटच्या खांबापुढे नुसतं पाणी. तिथे धुक्यात सापडलं की स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून खात्याने दाजींना कधीकाळी एक हातात धरायचा जीपीएस दिला होता. साबणाच्या वडीएवढा, राखाडी, छोट्या पडद्याचा. उपग्रहांना दाजी चांदण्या म्हणायचे. शेवटचा खांब मागे टाकला की ते यंत्र चालू करायचे, त्याआधी नाही. बॅटरी कशाला जाळायची, म्हणायचे. यंत्राने चांदण्या पकडल्या की बाण उमटे, आणि दाजी बाणाच्या मागे पलीकडच्या धक्क्याला बिनचूक लागत.

त्या मंगळवारी सकाळी धुकं विरायला लागलं तेव्हा मला पाण्यावर काहीतरी पालथं दिसलं. मी लहान होडी वल्हवत गेलो. दाजींची होडी खुंटांवर चढून उलटली होती. पलीकडचा धक्का एका बाजूला आणि खुंटांचं रान भलत्याच बाजूला. दाजी जवळच होते. जाकिटाची बाही खुंटात अडकली होती. गळ्यात दोरी, दोरीला यंत्र.

त्यांना काठावर आणल्यावर धरणाच्या राखणदाराने माझ्या डोळ्यांदेखत ते यंत्र गळ्यातून काढलं, पिशवीत घातलं आणि पिशवीला लाखेचं सील ठोकलं. कुणाला चालू करून बघू दिलं नाही. माझ्या भाच्याने, दाजींच्या मुलाने, हात पुढे केला, तर राखणदार त्याच्यावर खेकसला.

दुपारच्या आत भाच्याने रेडिओवाल्याचं दुकान फोडलं.

२

रेडिओवाला म्हणजे दाजींचा जावई. रेडिओ, बॅटऱ्या, पंपाच्या मोटारी, सगळं दुरुस्त करायचा. आदल्या आठवड्यात ते यंत्र त्याच्याकडेच होतं, बॅटरीच्या पट्ट्यांना गंज चढला होता म्हणून. ताईने त्या लग्नाला तोंड वाकडं केलं होतं, ते अजून सरळ झालं नव्हतं. मलाही तो माणूस आवडायचा नाही. कुणी बोलायला लागलं की तो स्क्रू मोजत बसायचा.

दुकानाच्या काचा फुटल्या तेव्हा तो शहरातून नुकताच परतला होता. हातात बाळंतिणीच्या कपड्यांची पिशवी होती. आदल्या रात्रीच भाचीला दोन मुली झाल्या होत्या. दाजींना ते फोनवर कळलं होतं. इतक्या दाट धुक्यात ते थांबले नाहीत ते एवढ्यासाठीच, नाती बघायच्या होत्या.

“बाहेर ये!” भाचा ओरडत होता. हातात माझीच हातोडी, माझ्या पेटीतून उचललेली. “माझ्या बापाचा जीव घेतलास तू! दुरुस्ती करतोस? त्यातलं घर पुसलंस, पलीकडचा धक्का पुसलास, सगळं सपाट करून त्याच्या गळ्यात बांधलंस!”

“मी दिलं तेव्हा चालत होतं,” रेडिओवाला म्हणाला.

“चालत होतं? मग त्याला चांदण्या का नाही सापडल्या?”

“मला काय माहीत? यंत्र आणा, उघडून बघतो.”

“तू हात तर लाव! मनगटापासून तोडीन!”

धक्क्यावरची माणसं मागे उभी होती. कुणी पुढे झालं नाही, कुणी थांबवलंही नाही. एकाने काउंटरवरचा रेडिओ उचलून गटारात भिरकावला. रेडिओवाला पिशवी छातीशी धरून उभा राहिला. मग ताई आली. मला वाटलं, पोराला आवरेल. ती जावयाच्या समोर गेली आणि थुंकली.

“माझ्या दारात पुन्हा दिसलास,” ती म्हणाली, “तर तुझ्या पोरींचं तोंडसुद्धा बघणार नाही मी.”

खात्याने चौकशी लावली. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर रेडिओवाल्याला पोलिसांच्या हवाली करायचं, असं राखणदार धक्क्यावर सांगत फिरला. बायकोच्या नवव्या महिन्यात पाळणा विकत घेतलेला माणूस, आणि पाळण्यात मुली यायच्या आत त्याच्यावर सासऱ्याला मारल्याचा ठपका.

३

चौकशीला एक बाई आल्या. नाक लाल, रुमाल हातात, सर्दीने बेजार. खात्याच्या पत्र्याच्या खोलीत बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: “खोटं बोलायचं असेल त्यांनी आधी बाहेर बसून ठरवून या. माझं डोकं दुखतंय.”

होडी मी शोधली म्हणून मला आत बसवलं. भाच्याला, ताईला, रेडिओवाल्यालाही. बाईंनी सगळ्यांसमोर सील फोडलं.

आधी मागचं झाकण उघडलं. पाणी शिरलं नव्हतं. बॅटऱ्या नव्या. पट्ट्या लखलखीत.

“हे कुणी घासलं?”

“मी,” रेडिओवाला म्हणाला.

“बरं घासलंय.”

भाचा नाकातून हसला. बाईंनी यंत्र चालू केलं. पडद्यावर आकाशाचं वर्तुळ उमटलं, रिकामं. एकही चांदणी नाही. बराच वेळ झाला, वर्तुळ रिकामंच. मग आपोआप एक चौकट उघडली.

“उपग्रह सापडत नाहीत,” बाईंनी वाचलं. “काय करू? पहिली ओळ, नवीन जागा. दुसरी, घरात वापर. तिसरी, शोधत राहा.” त्यांनी तिसरी ओळ निवडली. चौकट मिटली. वर्तुळ तसंच.

“बघा!” भाचा उठून उभा राहिला. “मेलेलं यंत्र. लिहून घ्या.”

“तुम्ही वर कधी बघता का?” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“वर पत्रा आहे. पत्र्यातून दिसायला त्या उपग्रहांना काय माझ्यासारखा चष्मा आहे? बसा खाली.” त्या शिंकल्या आणि त्यांनी यंत्र उचललं. “मामा, तुम्ही चला माझ्याबरोबर. बाकी कुणी खोली सोडायची नाही.”

धक्क्याच्या टोकाला दगडी कट्टा आहे, तिथून आभाळ चहूबाजूंनी उघडं. बाईंनी यंत्र त्यावर ठेवलं आणि हात लावू नका म्हणाल्या. बसलो. मी एकदा वाकून बघितलं तर रागावल्या. “तुमचं डोकं पण पत्राच आहे त्याला. मागे व्हा.”

खूप वेळ काही झालं नाही. चहावाला येऊन गेला. मग पडद्याच्या खालच्या कडेला एक दांडी उभी राहिली, बारीक. तिच्याशेजारी दुसरी. एकेक करत वर्तुळात ठिपके भरले आणि शेवटी यंत्राने आपली जागा सांगितली. आमचाच धक्का. तिळमात्र चूक नाही.

“यंत्र धडधाकट आहे,” मी म्हणालो. माझ्या आवाजात आनंद नव्हता. यंत्र मेलेलं असतं तर कुणाचाच दोष राहिला नसता.

“धडधाकट आहे, पण वेंधळ्यासारखं का वागलं?” बाई म्हणाल्या. “रोज वापरातल्या यंत्राला आकाश पाठ असतं. कोणता उपग्रह कुठे असेल हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून ते पटकन सापडतात. याला एवढा वेळ लागला, म्हणजे याची पाटी कोरी होती. पहिल्यापासून शिकलं ते.” त्यांनी बटणं दाबून आतली पानं उघडली. “घर नाही. पलीकडचा धक्का नाही. एकही खूण नाही. कुणीतरी याची आठवणच पुसली आहे.”

घर, पलीकडचा धक्का, हे शब्द मी कुठेतरी ऐकले होते. कुठे ते मला तेव्हा आठवलं नाही.

४

बाईंनी एकेकाला बोलावलं. मला कोपऱ्यात बसवून ठेवलं, पाण्याविषयी काही अडलं तर सांगायला.

रेडिओवाला आला, उभाच राहिला.

“पुसणं किती सोपं?”

“माहीत असेल तर सोपं. एका कडेची दोन बटणं आणि दुसऱ्या कडेचं एक, तिन्ही एकदम दाबून धरायची. दोन्ही हात लागतात. मग ते विचारतं, सगळं पुसू का. हो म्हटलं की संपलं.”

“हे इथे कुणाला माहीत?”

“दुकानात येऊन बसणाऱ्या कुणालाही. मी काय दार लावून काम करतो?”

“तुम्ही पुसलंत?”

“नाही.”

“शपथ घ्याल?”

“शपथेनं यंत्र चालत नाही,” तो म्हणाला. असा माणूस. स्वतःचा जीव टांगणीला लागलाय आणि जीभ सरळ नाही.

“सोमवार ते मंगळवार कुठे होतात?”

“सोमवारी दुपारी हिला कळा लागल्या. शहरात घेऊन गेलो, इस्पितळात. परत आलो तो मंगळवारी, दुकान फोडायची वेळ गाठून.”

मग पोस्टमन. त्याने सांगितलेलं ऐकून बाईंनी रुमाल खाली ठेवला.

“सोमवारी सकाळी मी त्यांच्याच होडीत होतो. असंच धुकं. शेवटच्या खांबापुढे त्यांनी यंत्र लावलं, चांदण्या लगेच आल्या, बाण आला. सरळ चाललो होतो. मध्येच धरणाच्या भिंतीच्या बाजूला पाण्यावर डबे तरंगताना दिसले. जाळी लावलेली होती, बंदीच्या पाण्यात, मासे अंडी घालतात तिथे. दाजी भडकले. होडी थांबवली, यंत्रावर एक बटण दाबून धरलं. म्हणाले, जागा यात ठेवलीय, बुधवारी खात्याचा साहेब येतोय, त्याला इथेच आणून उभा करतो.”

“आणखी कुणाला बोलले?”

“धक्क्यावर उतरल्यावर सगळ्यांनाच. दाजींच्या पोटात कधी काही राहिलंय का?”

म्हणजे सोमवारी सकाळी यंत्र ठीक होतं. दुरुस्ती त्याच्या आधीची. आणि सोमवार दुपारपासून रेडिओवाला इस्पितळात. मी बाईंकडे बघितलं. त्या जाळीवाल्याला हाक मारत होत्या.

जाळीवाला मासळीचा ठेकेदार. मोठं पोट, मोठा आवाज. बसायच्या आधीच भांडायला लागला.

“जाळी माझी नाहीत.”

“मी विचारलं का?”

“विचारणारच होतात. सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेही विचाराल. गेलो होतो. म्हातारा उगाच माझ्या नावाने शंख करत होता, त्याला गप्प करायला गेलो.”

“यंत्र कुठे होतं?”

“भिंतीवर, खिळ्याला. रोजची जागा. आम्ही दोघे बाहेर अंगणात भांडत होतो.”

“मध्ये आत गेलात?”

“पाणी प्यायला. आणि मी पुसलं असं म्हणायचं असेल तर म्हणा!” त्याने डावा हात टेबलावर आपटला. अंगठा आणि एक बोट, बाकी तळहात सपाट. इंजिनाच्या पट्ट्यात गेला होता तो हात, मी स्वतः बांधला होता. “याने दोन बटणं दाबून दाखवा, मग मला बेड्या घाला!”

बाईंनी यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने खरोखर प्रयत्न केला. यंत्र निसटून टेबलावर पडलं.

“जा,” बाई म्हणाल्या.

दाराशी जाऊन तो वळला. “जाळी लावायला दोन चांगले हात लागतात बाई. माझ्याकडे ते नाहीत. एवढंच सांगतो.” आणि हसत गेला.

शेवटी ताई आली. मला तिने ओळख दाखवली नाही.

“पोरगा सोमवारी रात्री घरात होता?”

“होता. आणि मंगळवारी सकाळीही होता, आधीच सांगते. त्याच्यावर बोट ठेवायचं काम नाही. हे होडी सोडायला निघाले तेव्हा तो अंथरुणातच होता.”

“झोपेत?”

“जागा होता. खालून इंजिनाचा आवाज आला, मी म्हटलं, अरे तुझा बाप एवढ्या धुक्यात निघाला बघ. तर म्हणाला, थंडी वाजतेय, अजून एक पांघरूण दे. मी माझ्या हाताने पांघरूण घातलं त्याच्या अंगावर. होडीजवळ नव्हता तो. झालं समाधान?”

“झालं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

५

सगळे गेल्यावर बाई म्हणाल्या, “एक गोष्ट बसत नाही. आठवण पुसली तरी यंत्र शोधत राहतं. पाण्यावर वर आभाळ मोकळं. धुक्याने उपग्रह अडत नाहीत. म्हातारा थोडा थांबला असता तर निदान आपण कुठे आहोत ते कळलं असतं. खुंटांपर्यंत पोचेतोवर त्याला एकही चांदणी का मिळाली नाही? यंत्र कसं वापरायचे ते?”

“बोटांनी,” मी म्हणालो.

“विनोद नको.”

“विनोद नाही बाई. दाजींना अक्षर येत नव्हतं. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत येत नव्हतं, म्हणून सांगतो. ज्याला वाचता येत नाही तो जागा लक्षात ठेवतो. आपल्या हाताखालची वस्तू कुणी हलवणार नाही, एवढ्या भरवशावर तो चालतो. चौकट उघडली की पहिल्या ओळीत घर, दुसऱ्या ओळीत पलीकडचा धक्का. जाताना एकदा खाली आणि मग मधलं बटण. येताना नुसतं मधलं. पडद्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत, नजर पाण्यावर.”

बाई यंत्राकडे वळल्या. यंत्र पुन्हा बंद करून चालू केलं. आम्ही पत्र्याखालीच होतो. वर्तुळ रिकामं राहिलं, आणि मघाची चौकट उघडली.

“दाबा,” त्यांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. “दाजी दाबायचे तसं. बघू नका.”

मी खिडकीबाहेर पाण्याकडे बघितलं. एकदा खाली. मग मधलं.

चौकट मिटली. पडदा शांत झाला. काही तक्रार नाही, काही प्रश्न नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“दुसरी ओळ,” बाई म्हणाल्या. “घरात वापर. हे निवडलं की यंत्र समजतं की आपण छपराखाली आहोत, आणि चांदण्या शोधणंच बंद करतं. बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत.”

“आणि पुन्हा चालू केलं तर?”

“पुन्हा शोधेल, पुन्हा चौकट येईल.”

“आणि दाजी पुन्हा तेच दाबतील,” मी म्हणालो.

मला ते दिसलं. शेवटचा खांब मागे. धुकं. बाण का येत नाही म्हणून दाजी यंत्र झटकतायत, बंद करतायत, चालू करतायत, ओळखीची चौकट आली म्हणून सुटकेचा श्वास टाकतायत आणि पलीकडच्या धक्क्याची ओळ दाबतायत. दर वेळी आपल्याच अंगठ्याने यंत्राचे डोळे झाकतायत. तोवर होडी ओढीने खुंटांकडे.

“ज्याने पुसलं त्याला हे असं होईल हे माहीत नसणार,” बाई म्हणाल्या. “पण यंत्र रिकामं आहे, एवढं त्याला नक्की माहीत होतं.” मग माझ्याकडे रोखून बघितलं. “मंगळवारी दुकान फुटलं तेव्हा तुम्ही तिथे होतात. तुमचा भाचा काय ओरडत होता? धक्क्यावरच्या एकालाही आठवत नाही. सगळे एकदम बहिरे झालेत.”

ते शब्द कुठे ऐकले होते ते मला आता आठवलं.

“उद्या सांगतो,” मी म्हणालो.

“उद्या शुक्रवार आहे.”

“माहीत आहे.”

६

घरी गेलो तर ताई माझ्या ओट्यावर बसली होती.

“काय विचारलं तिनं?”

“पाण्याचं.”

“धाकट्या, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तुझं तोंड मला वाचता येतं, मला अक्षर येत नसलं तरी.” ती उठली. “तो माझा एकुलता एक पोरगा आहे.”

“आणि पोरगी?”

“ती तिच्या मर्जीनं गेली.”

“तिच्या पाळण्यात दोन आहेत, ताई. त्यांच्या बापाला उद्या नेतील. त्यानं काही केलेलं नाही.”

“मग नेऊ देत! सोडतील कधीतरी!” तिचा आवाज चिरकला. “चार अक्षरं काय शिकलास, साहेब झालास? मालक गेला माझा. आता पोरगा पण काढून घे. उद्या तिथे तोंड उघडलंस, तर माझा भाऊ त्यांच्याच होडीत होता आणि त्यांच्याबरोबरच बुडाला, असं मी धरून चालेन. समजलं?”

समजलं होतं. ताई शब्द फिरवणारी बाई नव्हती.

तो पोरगा माझ्या डांबराच्या पिंपाभोवती खेळत मोठा झाला. पहिली गाठ मी शिकवली त्याला. पुढे दिवसभर रेडिओवाल्याच्या दुकानात पडून असायचा, जिवलग दोस्त होते दोघे. भाच्यानेच रेडिओवाल्याला घरी आणलं, आणि बहिणीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा त्यानेच सगळ्यात जास्त शिव्या दिल्या. त्या दुकानात बसून त्याने काय काय पाहिलं असेल हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

७

शुक्रवारी सगळे पुन्हा पत्र्याच्या खोलीत. राखणदार दोन पोलीस घेऊन दाराशी. भाचीही आली होती, नको म्हणत असताना. दोन्ही मुली इस्पितळात शेजारणीकडे ठेवून. भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढरा. ताईने तिच्याकडे पाठ केली होती.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. यंत्र चांगलं होतं. सोमवारी सकाळी ते चाललं, पोस्टमन साक्षीला. त्यानंतर पुसलं गेलं. रेडिओवाला तेव्हा शहरात. जाळीवाल्याला दोन हात नाहीत. पुसण्याचं कारण एकच, त्यात जाळ्यांची जागा होती.

“आता मामा,” बाई म्हणाल्या.

ताई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर बोललोच नसतो.

“मंगळवारी,” मी म्हणालो, “भाचा दुकानासमोर ओरडत होता. त्यातलं घर पुसलंस, पलीकडचा धक्का पुसलास.”

“मग?” भाचा ताडकन उठला. “पुसलंच होतं ना? तुम्हीच आत्ता म्हणालात!”

“आम्ही काल बघितलं,” मी म्हणालो. “गुरुवारी. मंगळवारी यंत्र माझ्यासमोर गळ्यातून निघालं आणि माझ्यासमोर पिशवीत गेलं. कुणी चालू केलं नव्हतं. त्यातलं घर गेलंय हे तुला दुकानासमोर कसं कळलं, बाळा?”

भाच्याने रेडिओवाल्याकडे बघितलं, मग आईकडे.

“मामा, तू माझ्यावर उलटतोस? याच्यासाठी?”

“उत्तर दे,” भाची भिंतीजवळून म्हणाली. “दादा, उत्तर दे.”

तो खाली बसला.

“जाळी मी लावली होती,” तो म्हणाला. “याच्यासाठी.” जाळीवाल्याकडे बोट. “बाबा बुधवारी साहेबाला दाखवणार होते. जाळी काढायला गेलो तर धुक्यात सापडेनात. म्हटलं, निदान खूण पुसू. दोघे अंगणात भांडत होते तेव्हा यंत्र काढलं. एक खूण कशी पुसायची ते येईना. सगळं पुसायचं येत होतं, दुकानात बघितलं होतं. म्हटलं, बाबांना वाटेल यंत्रच बिघडलं. सकाळी उठून सांगणार होतो, यंत्र बंद पडलंय, नेऊ नका. खरंच सांगणार होतो.”

“मग सांगितलं का नाही?” बाईंनी विचारलं.

“मला जाग आली नाही.”

बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. ताईकडे बघत होत्या.

ताईचा हात तोंडावर गेला. तिच्या पोराला वाचवायला तिने स्वतः सांगितलेली गोष्ट तिला तेव्हा नीट ऐकू आली असावी. इंजिनाचा आवाज. थंडी वाजतेय. अजून एक पांघरूण दे.

“तू जागा होतास,” ती म्हणाली. फार हळू. “मी घातलं पांघरूण तुझ्यावर.”

“आई, खाली गेलो असतो तर ते विचारणार, तुला कसं माहीत. सगळं बाहेर आलं असतं. म्हटलं, खांबापर्यंत जातील, यंत्र लागलं नाही की परत फिरतील. नेहमी फिरतात.”

“नाती बघायला निघाले होते ते,” भाची म्हणाली. “कसे फिरतील?”

पोलीस पुढे झाले. त्यांनी रेडिओवाल्याला बाजूला सारलं आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. जाळीवाला दाराकडे सरकत होता, त्यालाही अडवलं. रेडिओवाला टेबलापाशी आला, यंत्र उचललं, बंद केलं, आणि बाईंना म्हणाला, “बॅटऱ्या काढून ठेवा. नाहीतर पुन्हा गंज धरेल.” मग तो तिथेच जमिनीवर बसला. भाची त्याच्याजवळ जाऊन बसली.

ताई माझ्यासमोरून गेली. दारातून बाहेर पडताना तिने माझ्या चपला उंबऱ्यावरून पायाने बाजूला केल्या, वाटेत पडलेलं काही सारावं तशा.

८

रेडिओवाल्याने दुकानाला काचा बसवल्या. धक्क्यावरची तीच माणसं आता त्याच्याकडेच रेडिओ दुरुस्तीला आणतात आणि गटारात कुणी फेकला होता ते कुणालाच आठवत नाही. खात्याने यंत्र नव्या होडीवाल्याला दिलं. त्याला वाचता येतं. तरी देण्याआधी रेडिओवाल्याने ते माझ्याकडे आणलं, आणि आम्ही दोघे कट्ट्यावर आभाळाखाली बसून राहिलो, चांदण्या भरेपर्यंत. मग त्याने पहिल्या ओळीत घर ठेवलं आणि दुसऱ्या ओळीत पलीकडचा धक्का. मला तो अजूनही फारसा आवडत नाही.

भाचा शिक्षा भोगून आला आणि दुसऱ्या गावी राहिला. जुळ्या मुली मला मामाआजोबा म्हणतात.

दाजी गेले ते जुळ्यांच्या वर्षी, हिवाळ्यातल्या त्या मंगळवारी, सकाळी, खुंटांच्या रानात. ताई गेली त्यानंतर सहा वर्षांनी, उन्हाळ्यात, तिच्या स्वतःच्या घरात, दुपारी. मला तिसऱ्या दिवशी कळलं, पोस्टमनकडून.